डावा कौल

माणसाने पन्नाशीत उडायला जाऊ नये, असं बायको सांगत होती. ऐकतोय कोण! पॅराग्लायडर बांधून डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून उडालो, वारा मध्येच पडला आणि मी थेट खालच्या गावाच्या देवराईत, एका जुन्या झाडाला जाऊन लटकलो. खाली तीस फूट, आणि जमीन म्हणजे नुसता जांभा दगड.

पट्टे मांड्यांत रुतले. तासाभरात डावा पाय माझा राहिला नाही. सगळ्या दोऱ्या एका जाड फांदीत गुंतल्या होत्या; ती तोडली की सुटलो, एवढंच मला कळत होतं. खाली जमलेल्या पोरांना मी बोंबलून तेच सांगत होतो. दोघं कोयते घेऊन पुढे आलीही. तेवढ्यात म्हातारा गुरव आडवा आला. देवराईतली काटकी तोडायची तरी आधी देवाचा कौल घ्यायचा.

"अहो, मरतोय मी इथे!"

"दम धरा जरा," म्हणाला, आणि ओढ्यावर आंघोळीला गेला. आंघोळीला! मी त्याचा, देवाचा, अख्ख्या गावाचा उद्धार केला.

ओलेत्याने येऊन त्याने देवाच्या पाषाणाला दोन पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर तोडा, डावी पडली तर नाही. बराच वेळ काहीच पडेना. मग डावी पडली. पोरं मागे सरली. मी रडलो, सरळ सांगतो. शिव्या द्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

मग तो म्हातारा कमरेला कोयता नि खांद्यावर दोर टाकून स्वतःच वर चढला. दोर माझ्या छातीला बांधला, खोडाच्या बेचक्यातून खाली सोडला, चौघांनी तो धरला. आणि एकेक करून त्याने माझ्या दोऱ्या कापल्या. त्या काही देवाच्या नव्हत्या.

पाय अजून ठणकतो. जिना चढायचा म्हटलं की जिवावर येतं. तरी वर्षातून एकदा नारळ घेऊन तिथे जातो. परवा गुरवाला विचारलंच, "उजवा कौल आला असता तर?"

तो सुपारी कातरत होता.

"परत लावला असता," म्हणाला. "तुम्ही त्या फांदीच्याच जिवावर लटकलेले. ती तुटती तर तुम्ही जांभ्यावर. पण तुमचं वरडणं ऐकून पोरं माझं ऐकत नव्हती. मग देवच मधी घालावा लागला."