बाबांनी दिलेला फर्स्ट क्लास

गेल्या मंगळवारी ऑफिसात असताना मला एक फोन आला. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी येऊन व्यायाम करून घेणारी एक थेरपिस्ट आहे, रोझा... तिच्या एजन्सीतून. पलीकडच्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, तुम्हाला आलेल्या वाईट अनुभवाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सोमवारपासून दुसरी थेरपिस्ट पाठवतो.

मला काही कळेना. कसला वाईट अनुभव? इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला रस्ते बर्फाने भरलेले असतानाही ही मुलगी पाऊण तास ड्राइव्ह करून वेळेवर दारात हजर असते. शिवाय बाबा तिचं ऐकतात... आजवर त्यांनी कुणाचंच ऐकलेलं नाही.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. एजन्सीच्या सर्व्हेत बाबांनी रोझाला दहापैकी सहा दिले होते. सहा किंवा त्याखाली आले की 'पेशंट नाराज' अशी नोंद होते आणि थेरपिस्टच्या रेकॉर्डवर लाल शेरा पडतो. रोझाचा हा दुसरा शेरा होता, तिसऱ्याला काम जातं.

आता खरी गंमत ऐका. मी स्वतः सर्व्हेचे प्रश्न लिहायचं काम करते, हॉस्पिटलांसाठी, क्लिनिकसाठी. तो फॉर्म आमच्याच टीमचा होता आणि तो प्रश्न माझा... 'थेरपिस्टच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? शून्य ते दहापैकी आकडा निवडा.' सुटसुटीत, स्पष्ट. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

घरी आल्या आल्या बाबांना गाठलं. बाबा साताऱ्याला हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे, रिटायर झाल्यावर आमच्याकडे राहायला आले. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सहा म्हणजे फर्स्ट क्लास. निबंधाला सात मी उभ्या आयुष्यात दोनदा दिलेत. पैकीच्या पैकी गणितवाले देतात."

मी समजावलं, अहो बाबा, इथे काम नीट झालं की लोक सरळ दहा देतात. त्यावर म्हणाले, "मग खरंच उत्तम काम केलं तर काय देतात? अकरा?"

मला हसू आवरेना, पण तिकडे रोझाच्या पोटावर पाय यायची वेळ आली होती. म्हटलं, एजन्सीला फोन करून दहा सांगा आणि विषय संपवा. तर साफ नकार. तपासलेल्या पेपरचे मार्क कुणाच्या सांगण्यावरून बदलायचे नसतात... मुख्याध्यापकांच्या मुलाचेही बदलले नव्हते म्हणे. बाबा एकदा हटून बसले की ब्रह्मदेव आला तरी हलत नाहीत.

मग मीही माझं कौशल्य पणाला लावलं. मी काही कमी हट्टी नाही, त्यांचीच मुलगी आहे. म्हटलं ठीक आहे, मार्क राहू देत... मला एवढंच सांगा, रोझा यायच्या आधी तुम्हाला काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं? आणि लॅपटॉप उघडून बसले.

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग सांगायला लागले... जिना चढतो, खुर्चीतून आधाराशिवाय उठतो, बाथरूमला एकटा जातो. मी भराभर टाइप करत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाथरूमला जायचं तर मुलीला हाक मारायला लागायची. दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तुला बोलवावं लागत नाही, हे त्या पोरीचे उपकार."

हाक मारताना त्यांना असं वाटायचं, हे मला माहीतच नव्हतं.

ते म्हणाले तसंच्या तसं मी इंग्लिशमध्ये लिहिलं, बाबांनी त्यातही दोन चुका काढल्या, आणि मेल एजन्सीला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला... शेरा काढून टाकलाय, रोझाच येईल. गुरुवारी ती आली आणि तिने दारातच बाबांना मिठी मारली. बाबा ताठ उभे, हात कुठे ठेवायचे ते त्यांना सुचेना.

ऑफिसात मी तो प्रश्न बदलायला लावला, आकड्याऐवजी आधी काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं ते विचारायचं. बॉस म्हणाला, मग जुन्या आकड्यांशी तुलना कशी करणार? म्हटलं, नको करू या. त्या जुन्या आकड्यांत आपण किती खूश माणसं नाराज म्हणून मोजलीत, देव जाणे. पुढच्या महिन्यापासून नवा फॉर्म सुरू होतोय... आणि तो चांगलाच असणार, मी लिहिलाय.

पण खरं सांगू? फॉर्मपेक्षा वेगळीच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ऑपरेशननंतर दीड महिना बाबांना धरून बाथरूमपर्यंत नेताना मी दर वेळी विचारायचे, "बाबा, बरं वाटतंय ना?" आणि ते दर वेळी "हो" म्हणायचे. उत्तर आधीच आत घालून प्रश्न विचारायचा नाही, हे मी ऑफिसात नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते... आणि घरी रोज तेच करत होते, कारण मला "हो"च ऐकायचं होतं.

आता मी विचारते, "बाबा, आज काय जड गेलं?" आणि खुर्ची ओढून बसते... ते बराच वेळ बोलतात.