कुलपातलं मैदान

थोरली हल्ली भांडत नाही, ही माझी काळजी आहे. कुणाला सांगितली तर हसतील. तिशी उलटलेली मुलगी, पालिकेत पक्की नोकरी, संध्याकाळी वेळेवर घरी येते, ताटातलं निमूट खाते, आपला कप विसळून ठेवते. यात काळजी कसली? पण ही मुलगी अशी नव्हती. ऑफिसातून आली की चपला काढता काढताच सुरू व्हायची, "बाबा, आज काय झालं माहितीये का?" आणि जेवण होईपर्यंत साहेब, ठेकेदार, नगरसेवक अशा सगळ्यांची हजेरी घ्यायची. धाकटा म्हणायचा, "ताई, आधी घास गीळ, साहेबांना नंतर गीळ." आता विचारलं तर म्हणते, "काही नाही, नेहमीचंच." हे 'नेहमीचंच' काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

ती पालिकेच्या उद्यान विभागात आहे. वस्त्यांमधल्या छोट्या बागांचे नकाशे करते. लहानपणापासून तिला जागा लावायचं वेड. इमारतीच्या अंगणात खडूने रेघा मारून ठेवायची: इथे सायकली, इथे म्हातारी माणसं, इथे आम्ही. कुणी रेघेवर स्कूटर लावली की त्याच्या दारात जाऊन उभी राहायची, मग तो माणूस बाबांच्या वयाचा का असेना. पुढे शिकलीही तेच. ह्यांना, म्हणजे तिच्या बाबांना, ते पटलं नव्हतं. नकाशात वरून पाहिलेलं झाड म्हणजे एक गोल असतो, हे त्यांना कळल्यापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या लेकीला गोल काढायचा पगार मिळतो." ती चिडायची नाही. म्हणायची, "बाबा, हा गोल नाही, सावली आहे. सकाळी इकडे पडेल, दुपारी तिकडे. बाक कुठे ठेवायचं ते त्यावरून ठरतं."

पाण्याच्या टाकीमागची मोकळी जागा तिच्या वाट्याला आली तेव्हा तिला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. जागा पालिकेचीच. कुठल्याशा जुन्या कामाचे उरलेले सिमेंटचे पाइप तिथे पडून होते. संध्याकाळी त्यांवर म्हातारे बसायचे आणि उरलेल्या जागेत वस्तीतली पोरं खेळायची. समोरच एका बाईंचं शिलाईचं दुकान आहे. माणूस मोठं तिखट, पण कामाला पक्कं. ह्यांच्या पँटी कमरेत सैल करायला मी तिथेच टाकते. बाग व्हावी म्हणून घरोघर फिरून सह्या गोळा केल्या त्या या टेलरबाईंनीच. थोरली जागा मोजायला गेली की त्या दुकानातून स्टूल काढून द्यायच्या. "मॅडम, झोके दोन ठेवा हं. एक ठेवलात तर रोज मारामाऱ्या, आणि सोडवायला मी."

नकाशा झाला, मंजूर झाला, पैसेही मंजूर झाले. मात्र फाइल इतकी टेबलं फिरून आली की वर्ष संपत आलेलं. पालिकेत वर्षअखेरपर्यंत पैसे खर्च झाले नाहीत, तर ते परत जातात, आणि परत गेलेले पैसे पुन्हा त्याच जागेला मिळतील याची कुणी खात्री देत नाही. बाग काही अशी घाईघाईत होत नाही. माती आणायची, पाण्याची जोडणी घ्यायची, झाडं लावायची तर ऋतू बघावा लागतो. भिंत मात्र कधीही होते. थोरलीने डोकं चालवलं. यंदाच्या पैशांत आधी कुंपणभिंत आणि गेट करून घ्यायचं. एकदा या जागेवर बागेच्या नावाने खर्च पडला की जागा कुणी पळवणार नाही आणि पुढच्या वर्षी उरलेलं काम हक्काने मागता येईल. साहेबांनी पाठ थोपटली. त्या दिवशी घरी आली ती दारातूनच ओरडत, "आई, वाचवली! जागा वाचवली!"

भिंत खरंच चांगली झाली. टेलरबाईंनी थोरलीच्या मापाचा कुडता शिवून दिला आणि शिलाई घेतली नाही.

पुढच्या वर्षी वॉर्डाचे सगळे पैसे पालिकेच्या दारासमोरच्या कारंज्याला गेले. त्याच्या पुढच्या वर्षी निवडणूक. टाकीमागे एक झाडसुद्धा लागलं नाही. गेटला कुलूप होतं आणि ते कुणी उघडेना, कारण बाग पूर्ण झालेली नाही म्हणून माळी नाही, राखणदार नाही. किल्ली दुसऱ्या खात्याकडे. पोरं भिंतीवरून उड्या मारायला लागली. कुणी तक्रार केली कोण जाणे, त्या खात्याने भिंतीवर काचा बसवून घेतल्या. थोरली त्या खात्यात जाऊन भांडली, अर्ज दिले, पुन्हा भांडली. शेवटी काचा निघाल्या नाहीत आणि किल्लीही मिळाली नाही. गेटच्या जाळीतून पाहिलं तर आत गवतात पोरांचे चेंडू पडलेले दिसतात, ऊन खाऊन पांढरे झालेले. पाइप उचलून नेल्यामुळे म्हाताऱ्यांचं बसणंही मोडलं.

मी पँट आणायला गेले तेव्हा टेलरबाई मान वर न करता मशीन चालवत होत्या.

"काकू, मॅडमना सांगा, भिंत फार छान झालीय. जागेवरचा एक खडासुद्धा हलणार नाही."

"अहो, ती खूप प्रयत्न करतेय."

"करतायत ना! म्हणून तर आमची पोरं आता रस्त्यावर खेळतात. मोकळी हवा, येता-जाता गाड्या. चंगळ आहे." मग मशीन थांबवून म्हणाल्या, "सह्या मी मागितल्या होत्या काकू. लोक मला विचारतात. म्हणतात, तुम्ही सह्या घ्यायच्या आधी निदान मैदान तरी होतं."

घरी येऊन मी हे सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. थोरली त्या रस्त्याने जायचंच टाळायला लागली होती. ऑफिसला लांबच्या वळणाने जायची.

आणि मग यंदा तिथे वाहनतळ करायचं ठरलं. बाजारपेठेतल्या दुकानदारांना गाड्या लावायला जागा हवी होती. बैठकीत कुणीतरी टाकीमागच्या जागेचं नाव काढलं. ते थोरलीनेच जेवताना सांगितलं, अगदी हसत हसत. "साहेब म्हणाले, जागा तयारच आहे. चारी बाजूंनी भिंत, मोठं गेट, कुलूप. नुसत्या रेघा मारायच्या. ज्याने केलंय त्याची दूरदृष्टी मानायला हवी. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, बाबा."

हे जेवायचे थांबले.

"नकाशा कोण करणार?" धाकट्याने विचारलं.

"मीच. जागेची मापं माझ्याकडेच आहेत ना."

बागेची जागा दुसऱ्या कामाला वापरायची तर पालिकेला आधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. नोटीस निघाली आहे. ऑफिसच्या आतल्या फळ्यावर लागली आहे आणि कुणी विकत घेत नाही अशा एका पेपरात छापून आली आहे. मुदत परवा संपते. काल रात्री जेवताना मी विचारलं, "किती हरकती आल्या?"

"एकही नाही."

"वस्तीला माहीतच नसेल," धाकटा म्हणाला. "ताई, तू त्या टेलरबाईंना सांग ना."

"मी कशी सांगू? नोटीस माझ्याच विभागातून निघालीय. मागे एकाने असंच लोकांना आधी कळवलं होतं. आता तो टँकरच्या डेपोत फेऱ्या लिहितो."

"मग मी सांगते," मी म्हणाले.

"नको आई, तू यात पडू नकोस." आवाज चढलासुद्धा नाही तिचा. "आणि सांगून होणार काय? हरकती आल्या तरी खाली एक ओळ लिहितात, 'हरकतींची नोंद घेण्यात आली', आणि विषय पुढे जातो. मला माहितीये. ती ओळ मीच लिहिते."

ह्यांनी वाटीतलं ढवळत म्हटलं, "तिला तिच्या नोकरीचं कळतं. तू उगाच लुडबुड करू नकोस."

आज संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी पाण्याचा ग्लास ठेवायला गेले तर पडद्यावर टाकीमागची जागा. गाड्यांच्या उभ्या रेघा आणि भिंतीच्या कडेकडेने झाडांचे गोल. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान कडेला तरी झाडं असतील.

"छान दिसतायत गं."

"साहेबांनी परत पाठवला. एका झाडामागे एका गाडीची जागा जाते म्हणाले." आणि माझ्या देखत एकेक गोल पुसत गेली. हळूच, नीट बघून, एकही राहू नये म्हणून. सगळे संपल्यावर तिने पडद्यावर नकाशा लहान करून पुरता पाहिला आणि म्हणाली, "आता बसतात सगळ्या." कपाळावर एक आठी नाही. ती रडली असती, लॅपटॉप आपटला असता, तर मी चहा करून दिला असता आणि झोपले असते.

टेलरबाईंना फोन केल्याने मैदान वाचेल असं मला वाटत नाही. तिने सांगितलं तसंच होईल, खाली एक ओळ येईल. कदाचित ती ओळ तिलाच टाइप करावी लागेल. फोन कुणी केला हे कळलं तर तिची बदली होऊ शकते, आणि ती माझ्याशी किती दिवस बोलणार नाही हे मला सांगता येत नाही. मी स्वतः हरकत लिहून द्यायचा विचार केला, पण आमचं आडनाव आणि पत्ता बघून शेंबडं पोरही ओळखेल. हे जागे झाले तर म्हणतील, आगीत तेल कशाला ओततेस.

पण त्या बाईंना अजून वाटतंय की भिंतीआड बाग व्हायची बाकी आहे. गेल्या महिन्यात पँटीचे पैसे देताना त्यांनी विचारलंच होतं, "यंदा तरी झोके येतील का हो काकू?" आणि मी म्हटलं होतं, बघू. एक दिवस सकाळी दुकान उघडतील तेव्हा समोर गेट सताड उघडं असेल आणि आत गाड्या शिरत असतील. पोरं आपले चेंडू घ्यायला धावतील. हे त्यांना आधी कुणीतरी सांगायला हवं, आणि आमच्या घरातून जागा गेली तर आमच्याच घरातून सांगायला हवं. थोरलीला ते आता जमणार नाही. तिच्यात तेवढं उरलेलं नाही, हे मी आज पाहिलं.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. उद्या सकाळी थोरली आंघोळीला गेली की मी गच्चीवर जाऊन फोन लावणार आहे. नोटीस कुठे लागलीय, मुदत कधी संपते, अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा, एवढंच सांगायचं. त्या मला बोलतील ते ऐकून घ्यायचं. आणि लेकीचं नाव घेऊ नका, माझं घ्या, असं म्हणायचं.