तांदळाच्या डब्यातली फ्लॉपी
तांदळाचा डबा उघडला की मला फ्लॉपी आठवते. मालवणात माझं टायपिंगचं दुकान होतं. मासे विकणारी एक मावशी बाजार आटपून यायची आणि तिच्या आईची गाणी टाइप करून घ्यायची. ती गाणी तिच्या फ्लॉपीवर भरायला मी दुसऱ्या सिस्टिमवरून आणलेला, कमांड देऊन चालणारा प्रोग्रॅम वापरला. त्याला फाइलच्या नावाची पहिली आठच अक्षरं कळायची. सगळ्या नावांची सुरुवात सारखी, त्यामुळे प्रत्येक गाणं आधीच्याला पुसत गेलं आणि शेवटचं तेवढं उरलं. मूळ फाइली मी न तपासताच उडवल्या होत्या. पुढच्या खेपेला तिने घरून आणलेली फ्लॉपी उघडल्यावर हे कळलं, तेव्हा मी म्हणालो, “मावशे, फ्लॉपीक बुरशी लागली.” “चूक माझीच रे, ओल्या कोनाड्यात ठेवलंय,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने नवी फ्लॉपी, ओल लागू नये म्हणून, तांदळाच्या डब्यात खुपसून आणली आणि पहिल्यापासून सांगायला बसली. दोन गाणी तिला आठवलीच नाहीत. “तुका उगाच त्रास दिलंय,” असं तीच मला म्हणाली, आणि मी मान खाली घालून टाइप करत राहिलो.