राब न तोडलेलं वर्ष

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. हिर्डोशीच्या वरच्या अंगाचं सरकारी रान लिलावात काढायचं घाटत होतं. कारण काय, तर कागदोपत्री ते ‘पडीक’! ज्या रानावर अख्ख्या गावाची चूल पेटते ते पडीक, आणि पुण्याच्या लाकूडवाल्यानं विकत घेतलं की लगेच कामाचं. माझं डोकंच फिरलं. ‘जनतेचं रान विकणारे तुम्ही कोण?’ अशी पत्रकं भोरात छापून घेतली आणि एसटीनं वर गेलो.

जंगलखात्याचे साहेब शिमग्यानंतर पाहणीला येणार होते. नेमकी त्याआधीच राब तोडायची वेळ. तिकडं भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर झाडांचे टाळे, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, पसरून जाळतात. त्यापायी दरवर्षी झाडं बोडकी होतात आणि पावसात पुन्हा फुटतात. पण साहेबाला काय दिसणार? नुसते खुंट. म्हणजे ‘पडीक’वर शिक्का आम्हीच मारून द्यायचा!

देवळातल्या बैठकीत मी म्हणालो, “यंदा एक टाळा तोडायचा नाही.”

ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या काकी उसळल्या. “आन् राब कशाचा करू? तुज्या पत्रकांचा? येवढंसं खाचर माजं. रोप न्हाई धरलं तर वरीस कसं काढू?”

“रान गेलं तर दरवर्षीच—”

“भाषण नगं. कळतंय मला. छपराचं जुनं पेंढं उतरवते. त्येच जाळू.”

“वळीव आला तर काकी छत्री घिऊन निजतील!” मागून कोणीतरी म्हणालं, आणि बैठक हसत उठली. कोयते घरातच राहिले.

साहेब घामाघूम होऊन वर आले. अंजनी, जांभळी गच्च, हिरड्यांना कोवळी पालवी. ते सावलीत टेकले. “कागदावर तर हा माळ आहे,” म्हणाले. मी भाषणाला तोंड उघडलं, तोच काकींनी सदरा ओढला. “गप. बसू दे सायबाला सावलीत.”

लिलाव रद्द झाल्याचं कळलं तेव्हा मी ओरडून घसा बसवून घेतला. पण जीव खरा भांड्यात पडला तो पावसात. काकींच्या वाफ्यावर रोप उगवलं होतं. विरळ, पिवळसर, पण लावणीपुरतं.

“धरलं बाबा,” काकी म्हणाल्या. “पेंढं कमी पडलं, मंग तुजी उरलेली पत्रकं बी घातली. लई झ्याक पेटली.”