उन्हाळीची गोळी

मी एम.कॉम. आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे हसताना कमी पडायला नको. एवढं शिकून मी घरात उरलेल्या गोळ्यांचा डबा ठेवला होता! बिस्किटांचा, पत्र्याचा. आत रबर लावून स्ट्रिपा: तापाच्या, जुलाबाच्या, आणि सगळ्यात जास्त खपणाऱ्या उन्हाळीच्या, म्हणजे लघवीच्या जळजळीवरच्या अँटिबायोटिक. कामतघरला आमच्या ओट्यावर संध्याकाळी सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी बसतात. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. त्यामुळे डब्याला गिऱ्हाईक भरपूर, आणि किस्से तर डब्यात मावणार नाहीत इतके.

*

शेजारच्या चांगुणामावशींना डॉक्टरांनी कोर्स दिला. दोन दिवसांत जळजळ थांबली, तशा उरलेल्या गोळ्या घेऊन त्या आमच्या दारात.

"ठेव तुझ्या डब्यात. कुणाला तरी लागतील."

"मावशी, डॉक्टरांनी संपवायला सांगितल्यात ना?"

"बरी झाल्यावर औषध खायला मी काय येडी हाय?"

मला पटलं. एम.कॉम.!

*

ओट्यावरच्याच हिराकाकू. त्यांना सारखी उन्हाळी लागायची, म्हणून डॉक्टर मॅडमनी लघवीची कल्चर टेस्ट सांगितली. मी त्यांना धामणकर नाक्यावरच्या लॅबमध्ये घेऊन गेले. रिपोर्ट एकदम क्लीन! इकडे काकू तळमळतायत, तिकडे कागदावर एक जंतू नाही.

मॅडमनी विचारलं, "टेस्टच्या आधी काही घेतलं होतं का?"

काकू लाजल्या. "सकाळी एक गोळी घेतली. हिच्या डब्यातली. लघवी परक्या माणसाच्या हातात द्यायची, जरा चांगली नको?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

*

दापोड्याला भाच्याची हळद होती. गोडाऊनच्या मागे मंडप, डीजे, अख्खं गाव जेवायला, आणि बायकांची सोय कुठेच नाही! सासूबाईंनी सकाळपासून पाण्याला हात लावला नाही.

"आई, घोटभर तरी प्या."

"पिऊन जाऊ कुठं?"

"त्या ट्रकच्या मागे जाऊ. मी उभी राहते ना."

"आत डायव्हर झोपलाय. नाचाला उठला म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी त्यांना उन्हाळी लागली. मी ऐटीत डबा उघडला. एक गोळी दिली, उतार नाही. दुसऱ्या कंपनीची दिली, तरी नाही. मग ताप चढला.

*

भर दुपारी आई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "खाडीला भरती आली, होडी आत घ्या." होडी त्यांच्या माहेरी होती. ती विकून जमाना झाला.

रिक्षात घालून ॲडमिट केलं. कल्चरच्या रिपोर्टमध्ये एकेका औषधापुढे 'आर', म्हणजे लागू नाही. मॅडम म्हणाल्या, "वर्षानुवर्षं अर्धवट कोर्स. जंतूंना तुमचा डबा पाठ झालाय. आता एक इंजेक्शन तेवढं उरलंय. वय बघता... बघू."

ते "बघू" ऐकून मी तिथून उठले. बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडले. तोंड धुऊन आत आले, तर आई माझा हात धरून सिस्टरला सांगतायत, "ही माझी सून. सोन्याची बाय हाय. हिच्यासारखी दुसरी न्हाय मिलाची."

लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण असलं काही माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. मी आणखीच घाबरले. म्हटलं, आई खरंच चालल्या!

इंजेक्शन लागू पडलं. हळूहळू ताप उतरला, होडी गेली, खाडी गेली. एका सकाळी उठून बसल्या, माझ्या हातून पेज घेतली, नुसत्या बघत राहिल्या.

"आई, तुम्ही मला सोन्याची बाय म्हणालात. अख्ख्या वॉर्डासमोर!"

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"तवा मना ताप होता."