उसना कान

सुरतेत लिंबायतला दगाच्या सलूनमध्ये दोन आरसे होते. त्यातला डावीकडचा निंबाचा, असं सगळी गल्ली धरून चालायची. कारखान्याची वीज बंद असेल त्या सुट्टीच्या दिवशी निंबा यायचा, दाढीच्या साबणाचा तुकडा उचलायचा आणि आरशाच्या वरच्या कोपऱ्यात आपली ताजी खबर लिहायचा. 'आखाजीची कॅसेट. सात गाणी झाली, पाच बाकी.' पुढच्या आठवड्यात सातचे आठ व्हायचे. गिऱ्हाइकाला स्वतःचं कपाळ दिसत नाही म्हणून दगा कुरकुरायचा, पण लिहिलेलं पुसायचा नाही. खुर्चीत बसलेल्याला मग निंबा आठव्या गाण्याची चाल ऐकवायचा. अर्धी दाढी झालेला माणूस पळून तरी कुठे जाणार!

निंबा मूळचा पारोळ्याकडचा. ऐन विशीत सुरतेला आला आणि चोवीस वर्षं सांच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, कापड विणत राहिला. गाणी करायची खोड गावाहूनच आणलेली. ब्याण्णव साली त्याने लग्नाच्या अहिराणी गाण्यांची कॅसेट काढली होती. कुठल्या कंपनीच्या दारात गेला नाही. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजही त्याचाच. तो आवाज काही गोड नव्हता. जाडाभरडा, जरा खरखरीत, पण ऐकणारी बाई हातातलं काम थांबवायची. उधन्यापासून पलसाण्यापर्यंत खान्देशी लग्नांत ती कॅसेट फीत झिजेपर्यंत वाजली.

मात्र सांच्यांनी त्याच्याकडून एक गोष्ट काढून घेतली होती. रोज बारा तास तो खडखडाट ऐकून त्याचे कान निकामी होत आले होते. मोठ्याने बोललेलं कळायचं, पण सुरातला बारीक फरक कळेनासा झाला होता. आपण पट्टीत आहोत की घसरलो, हे त्याला स्वतःला समजत नसे. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक त्याची बायको इंदुबाई आणि दुसरा रघुनाथ.

रघुनाथ लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा. निंबापेक्षा दहा वर्षांनी लहान, त्याला दादा म्हणायचा. पहिल्या कॅसेटच्या वेळी दोघांनी मिळून एक युक्ती काढली होती. निंबा गाताना रघुनाथच्या डाव्या हाताकडे बघायचा. हात सरळ असला की सूर बरोबर, तळवा खाली झुकला की सूर उतरला, वर उचलला की चढला. त्या हाताकडे बघत बघत अख्खी कॅसेट झाली. निंबा गमतीने इंदुबाईला म्हणायचा, कान माझे गेले तर काय झालं, रघुनाथचा एक उसना घेतलाय. माणूस गुणी असला म्हणजे शहाणा असतोच असं नाही.

आखाजीच्या कॅसेटमध्ये निंबाचा जीव अडकला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण सुरतेत दिलेल्या कितीतरी लेकींना न्यायला कोणी येत नाही. भावाला रजा नाही, बापाकडे भाडं नाही. त्या लेकींसाठी निंबाने बारावं गाणं केलं होतं.

'गाडी उनी, गाडी गई, मना मुराई उना नही.'

गाडी आली आणि गेली, पण मला न्यायला मुऱ्हाळी काही आला नाही. हे गाणं आपल्या आवाजात कॅसेटवर राहावं, एवढीच त्याची इच्छा होती. आणखी दोन-चार वर्षांत कानांचं उरलंसुरलंही जाणार, हे त्याला कळत होतं. आपला आवाज शेवटचा कुठे ठेवायचा, तर तो या गाण्यात, हे त्याचं ठरलेलं होतं.

सत्त्याण्णवच्या संक्रांतीनंतर रघुनाथच्या खोलीत तालमी सुरू झाल्या, आणि रघुनाथचा हात खाली झुकायला लागला. पहिल्या ओळीला झुकला, दुसरीला झुकला. निंबाने पुन्हा सुरुवात केली, हात पुन्हा झुकला. आठवडाभर निंबाने गच्चीवर घसा ताणला, तेलकट सोडलं, इंदुबाईने सांगितलेला ज्येष्ठमधाचा काढा प्याला. पुढच्या तालमीला हात पहिल्याच ओळीला खाली गेला. असं सात वेळा झालं. सातव्या वेळी रघुनाथने कॅसिओ बंद केला, निंबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "दादा, तुमना सूर आते ऱ्हात नही. गानं सोनानं शे, त्याले बट्टा नको."

निंबा घरी जाऊन रडला. पण गाण्यापुढे स्वतःला मोठं समजणाऱ्यांतला तो नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानेच जाऊन सांगितलं की, मग तुझ्या भाच्याला, राहुलला गाऊ दे. रघुनाथने बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी कबूल केलं. निंबाने त्या पोराला बाराही गाणी स्वतः शिकवली. कुठे श्वास घ्यायचा, 'उना नही'वर आवाज कुठे सोडून द्यायचा, सगळं. आणि दगाच्या आरशावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'बाराही झाली. गायक राहुल.'

कॅसेट आखाजीच्या आधी आठ दिवस बाजारात आली. कव्हरवर गीतकार म्हणून निंबाचं नाव ठळक होतं, तक्रारीला जागाच नव्हती. आखाजीच्या दिवशी दुपारी तो मगनच्या कॅसेटच्या दुकानाकडे निघाला. दुकानाबाहेर भोंग्यावर राहुल गात होता. रस्त्यात रिक्षांची ही गर्दी, नुसता कलकलाट. समोरच्या बाजूला मगन आणि रघुनाथ चहा पीत उभे होते. रघुनाथचं निंबाकडे लक्ष नव्हतं.

आता सांचेवाल्यांची एक गोष्ट बँडवाल्या रघुनाथला माहीत नव्हती. कारखान्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. चार सांचे सोडून पलीकडे उभ्या असलेल्याचीही थट्टा कळते. चोवीस वर्षं निंबाने कानांपेक्षा डोळ्यांनीच जास्त ऐकलं होतं.

मगनने विचारलं की, म्हाताऱ्याने स्वतः का नाही गायलं? रघुनाथ हसला. रस्त्याच्या या कडेवरून निंबाला त्याचे ओठ स्वच्छ दिसत होते.

"बुढाना सूर पक्काच व्हता. मीच सांगं उतरस म्हनीसन. पोऱ्याले पुढे कसा लयतु मंग?"

म्हणजे सूर पक्काच होता; भाच्याला पुढे आणायला रघुनाथच तो उतरतो म्हणून सांगत होता. निंबा जागच्या जागी उभा राहिला. एक रिक्षावाला त्याला शिवी देऊन गेला, तीही त्याला कळली नाही. शत्रूने तलवार चालवली असती तर माणूस निदान हात तरी मध्ये घालतो. इथे केसाने गळा कापला गेला होता, आणि तो पुढे करणारा निंबाच होता.

तो रस्ता ओलांडून गेला. रघुनाथने मिठी मारली, कॅसेट गाजतेय म्हणून सांगितलं. निंबाने एकच विचारलं. "मना सूर खरंच उतरे का रे?"

"उतरे ना, दादा," रघुनाथ कानाशी येऊन म्हणाला, आणि सवयीने त्याचा डावा तळवा खाली झुकला.

"आमी सांचावाला डोयाघाई ऐकतस, रघुनाथ," निंबा म्हणाला. "तू आते मगनले काय सांगं, ते मी समदं ऐकं."

रघुनाथचा हात तसाच राहिला. तो बरंच काही बोलायला लागला, पण निंबाने त्याच्या तोंडाकडे बघणं सोडून दिलं. न बघितलं की त्याच्यापुरतं ते बोलणं संपायचं.

घरी इंदुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. निंबा तिच्याशेजारी टेकला आणि बारावं गाणं म्हणायला लागला, पहिल्यापासून, पूर्ण छातीने. एक कडवं झाल्यावर थांबून त्याने विचारलं, सूर लागला का?

"लागना ना," इंदुबाई म्हणाली.

वीस वर्षं ती प्रत्येक गाण्याला हेच म्हणत आली होती. तिच्या बोलण्यात माया होती, पण सुरातलं तिला काही कळत नव्हतं, आणि तिने कळतं असं कधी म्हटलंही नव्हतं. होळीपर्यंत आपला सूर खरा होता, एवढं निंबाला समजलं होतं. आज तो खरा आहे की नाही, हे सांगू शकणारा आणि त्याच्या कानांचं गुपित ठाऊक असलेला माणूस साऱ्या सुरतेत एकच होता, आणि त्याच्या हातावर आता विश्वास ठेवता येणार नव्हता. निंबाने दुसरं कडवं सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.