डिपॉझिट आणि गुरुवार

पाळणाघर हा शब्द तेव्हा पिंपरीत फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. कामगार वसाहतीतल्या एक बाई घरीच मुलं सांभाळतात, एवढं कळलं होतं. माझी मुलगी दहा महिन्यांची, आणि सरकारी कचेरीतली माझी टायपिस्टची नोकरी अजून कच्ची. आणखी एक खाडा झाला तर कायम व्हायचं विसरा, असं साहेबांनी बजावलेलं. त्या बाईंच्या दारात उभी राहिले तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता.

तरी अटींच्या बाबतीत मी काही भोळी नव्हते. दिवसभर टेंडरच्या अटीच टाइप करायचे. मी बाईंची उलटतपासणीच घेतली. डिपॉझिट एका महिन्याचं. मुलगी काढायच्या महिनाभर आधी सांगितलं तरच परत. दूध आपलं, दुपटी आपली. अंगात ताप असेल तर आणायचं नाही. आठवड्याच्या सुट्टीला बंद. डिपॉझिट नक्की परत मिळेल ना, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं.

"न्हाई बुडवत तुमचं!" बाई कंटाळून म्हणाल्या. मी पैसे दिले आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी मुलीला कडेवर घेऊन गेले, तर बाई ठेवणीतलं लुगडं नेसून, कुलूप हातात घेऊन दारात उभ्या. नवरा आणि मुलं पुढे निघालेली.

"आज बंद हाय. गुरुवार न्हाई का!"

"गुरुवार? सुट्टी रविवारची ना?"

"कुनी सांगितलं? हितल्या कंपन्या रविवारी बंद असत्यात व्हय? आमचं मालक गुरुवारीच घरी असत्यात."

विजेच्या टंचाईमुळे इथल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही होतं. पण माझी कचेरी रविवारी बंद, म्हणून सगळं जगच रविवारी बंद असं मी धरून चालले होते. आता विचार करायलाही वेळ नव्हता, बस यायची होती.

"मग माझं डिपॉझिट परत करा. आत्ताच्या आत्ता!"

"महिनाभर आधी सांगायचं ठरलंय न्हवं?" बाईंनी कुलूप लावलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमचं मालक कुठं कामाला हायत?"

"कंपनीतच."

"मग त्यास्नीबी आज सुट्टी आसंल. द्या की त्यांच्यापाशी!"

आमचे हे घरी पांघरुणात होते. त्यांची झोपमोड नको म्हणून दार मीच हळूच ओढून घेतलं होतं. मुलीसाठी मी चार वसाहती पालथ्या घातल्या, आणि घरातला हा माणूस मला सुचला नाही. त्यांना स्वतःलाही सुचलं नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जवळजवळ धावतच घरी आले आणि मुलीला त्यांच्या शेजारी ठेवलं.

"अगं, आज माझी सुट्टी आहे," ते डोळे चोळत म्हणाले.

"माहीत आहे. दर गुरुवारी ही तुमच्याकडे. पिशवीत मऊ भाताचा डबा आहे. नीट कुस्करून भरवा, चारच दात आहेत तिला."

ते उठून बसले आणि तिच्या तोंडाकडे वाकून बघू लागले.

"दात आले? कधी?"

मी डब्याची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि धावत सुटले. बस मिळाली, मस्टरवर सहीही वेळेत झाली. दिवसभर टाइप करताना मात्र डोळे सारखे भरून येत होते.